‘भावाभावांसारखे राहतात हो ते’: दोन पुरुषांचा संसार आणि सामाजिक प्रतिरूपांचा सिद्धान्त

शिमग्यात रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक गावांत ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून घरोघर जाते. अंगण सारवून ठेवलेले असते, पालखी पाटावर बसते, घरातील सुवासिनी देवीची ओटी भरते, गाऱ्हाणे घातले जाते आणि पालखी पुढच्या घरी निघते. खाडीकाठच्या एका वाडीत मी हा सोहळा पाहत होतो, तेव्हा पालखी अशा एका घरी आली, जिथे बरीच वर्षे दोन पुरुष राहतात. दोघेही पन्नाशीच्या पुढचे. एकाचे ते वडिलोपार्जित घर, दुसरा घाटावरचा. काजूची बाग आणि दोन म्हशी दोघे मिळून सांभाळतात. ओटीचे तबक तयार होते: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. ते उचलून शेजारची वहिनी पुढे झाली, तिने ओटी भरली, तबक पडवीत ठेवले आणि लगबगीने आपल्या घराकडे गेली, कारण पालखी आता तिच्याच अंगणात जायची होती. कोणी काही बोलले नाही. दरवर्षी हे असेच होते, असे नंतर कळले. मी तिला त्या दोघांविषयी सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, “भावाभावांसारखे राहतात हो ते. कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत.”

समाजात नवे किंवा अडचणीचे काही समोर आले, की माणसे त्याला ओळखीच्या एखाद्या गोष्टीशेजारी नेऊन बसवतात आणि मग ते त्या ओळखीच्या गोष्टीसारखेच दिसू लागते. अशा रीतीने लोकांत रुजलेल्या सामाईक चित्राला सामाजिक प्रतिरूप म्हणतात, आणि ही क्रिया कशी घडते याचा शिस्तशीर शोध घेणारा सिद्धान्त सामाजिक प्रतिरूपांचा सिद्धान्त या नावाने ओळखला जातो. दोन पुरुषांच्या आयुष्यभराच्या नात्याकडे लोक कसे पाहतात हे समजून घ्यायचे असेल, तर ‘तुम्हाला मान्य आहे की अमान्य’ छापाच्या सर्वेक्षणापेक्षा हा मार्ग अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे. विचारणारा आणि सांगणारा या दोघांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र आहे, असे मान्य-अमान्याचा प्रश्न गृहीत धरतो. त्या वहिनीला असा प्रश्न विचारला असता, तर तिच्या उत्तरातून फारसे काही हाती लागले नसते. शेजारच्या दोघांविषयी तिची काहीही तक्रार नाही. ‘समलिंगी संबंध’ हा शब्द तिने दूरचित्रवाणीवर ऐकला असेलही, पण तो आपल्या शेजारच्या घराविषयी आहे, असे तिला कदाचित कधी वाटलेच नसेल.

या सिद्धान्ताचे जनक सर्ज मोस्कोविसी यांचा जन्म १९२५ साली रुमानियात झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते फ्रान्समध्ये स्थायिक झाले. त्यांच्या आधी, १८९८ साली, समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी ‘सामूहिक प्रतिरूपे’ ही कल्पना मांडली होती. धर्म, मिथके, काळाची कल्पना अशा, संपूर्ण समाजावर वरून पसरलेल्या आणि क्वचितच बदलणाऱ्या गोष्टी दुर्खीम यांच्यापुढे होत्या. आधुनिक समाजात मात्र वेगवेगळे गट बोलता-बोलता, वाचता-वाचता, भांडता-भांडता आपापली प्रतिरूपे घडवत आणि मोडत असतात, असे मोस्कोविसी यांचे म्हणणे होते. फ्रॉइडचे मनोविश्लेषण सर्वसामान्य फ्रेंच माणसाच्या बोलण्यात उतरते तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न घेऊन त्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या, वृत्तपत्रांतील मजकूर तपासला आणि १९६१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकांनी मनोविश्लेषणाला चर्चमधील पापकबुलीच्या शेजारी नेऊन बसवले होते: तिथेही एक जण बोलतो, दुसरा ऐकतो आणि बोलणाऱ्याचे मन हलके होते. जाणीव, नेणीव, दडपणूक आणि गंड एवढ्या चार गोष्टींचे एक सुटसुटीत चित्र लोकांच्या मनात तयार झाले होते. त्या चित्रातून फ्रॉइडच्या सिद्धान्तातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे कामप्रेरणा, गळून पडली होती. चारचौघांत बोलायला ती अडचणीची होती, म्हणून समाजाने ती परस्पर वगळली आणि उरलेले पचवले.

हा गळालेला भाग पुढे लागणार आहे. त्याआधी प्रतिरूप घडताना होणाऱ्या दोन क्रिया पाहू. पहिलीसाठी मोस्कोविसी यांनी वापरलेला फ्रेंच शब्द होडीच्या नांगराचाच आहे, त्यामुळे कोकणात तो फार समजावून सांगावा लागत नाही. अनोळखी गोष्ट मनात भरकटत राहिली तर माणसाला अस्वस्थ करते, म्हणून तिला आधीच्या एखाद्या ओळखीच्या धक्क्याला नांगरले जाते. दुसरी क्रिया मूर्तीकरणाची. आपल्याकडच्या गणपतीच्या शाळेत शाडूच्या गोळ्याला सोंड, कान आणि डोळे मिळतात, तसे अमूर्त कल्पनेला डोळ्यांना दिसेल असे रूप मिळते. फरक एवढाच की, आपण मूर्तीचे विसर्जन करतो आणि मूर्ती म्हणजे देव नव्हे हे आपल्याला ठाऊक असते, तर सामाजिक प्रतिरूपांच्या मूर्ती सहसा विसर्जित होत नाहीत आणि त्यांनाच आपण वस्तुस्थिती समजून चालतो.

कोकणात दोन पुरुषांचे नाते कुठल्या धक्क्याला नांगरले जाऊ शकते, याची थोडी कल्पना आपल्या इतिहासावरूनच येते. पहिला धक्का मुंबईच्या खोलीचा. गिरण्यांच्या काळात एकेका गावाची गिरणगावात खोली असे आणि दहा बाय बाराच्या जागेत पंधरा-वीस चाकरमानी राहत. ज्याची रात्रपाळी त्याने दिवसा झोपायचे, ज्याची दिवसपाळी त्याने रात्री, आणि प्रत्येकाच्या मालकीची म्हणून एक पत्र्याची ट्रंक. पुरुषांनी पुरुषांबरोबर वर्षानुवर्षे राहणे कोकणी माणसाला मुळीच नवे नाही. मासेमारीच्या होडीवर खलाशी राहतात, तेही तसेच. त्यामुळे दोन पुरुष एकत्र राहताना दिसले की भुवया लगेच उंचावत नाहीत, मन चटकन ‘खोलीतले सोबती’ या धक्क्याला लागते. दुसरा धक्का भावकीचा, ‘भावाभावांसारखे’ हा. तिसरा सडाफटिंग माणसाचा: एकाचे लग्न जमले नाही, दुसऱ्याचे मोडले, म्हणून दोघे एकमेकांच्या सोबतीला राहिले.

चौथा धक्का टवाळीचा आहे. “दोघांत बायको कोण?” हा प्रश्न कट्ट्यावर हसत विचारला जातो, पण विज्ञानाच्या दृष्टीने तो नांगरण्याचा अगदी शुद्ध नमुना आहे. नात्याचा एकच साचा ओळखीचा असल्यामुळे समोरचे नाते त्या साच्यात कोंबले जाते आणि मग कोण स्वयंपाक करतो, कोणाचा आवाज बारीक आहे, यांवरून मूर्तीला कान-डोळे बसवले जातात. दशावतारात पुरुषाने साडी नेसून केलेली भूमिका रात्रभर तन्मयतेने पाहणारा आपला प्रेक्षक साडी आणि पुरुष यांचे गणित इतके ढोबळ नसते हे एरवी उत्तम जाणतो. कट्ट्यावर मात्र तो ते विसरतो.

याखेरीज रोगाचा आणि गुन्ह्याचा असे दोन धक्के बाहेरून आलेले आहेत. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून १९७३ साली काढली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम १८६० सालचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते सज्ञानांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते बाजूला केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा लागू केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी तेवढ्यापुरते कायमचे रद्द केले. तज्ज्ञांची यादी एका बैठकीत बदलते आणि कायदा एका निकालात. लोकांच्या मनातील नांगर त्या तारखेला उचलला जात नाही.

आता तो गळालेला भाग. ‘खोलीतले सोबती’, ‘भावाभावांसारखे’ आणि ‘बिचारे सडेफटिंग’ या तिन्ही सौम्य धक्क्यांना नाते नांगरले की त्यातून प्रेम आणि शरीर दोन्ही गळतात, अगदी मोस्कोविसी यांच्या पॅरिसमध्ये कामप्रेरणा गळाली तसे. टवाळीच्या आणि गुन्ह्याच्या धक्क्याला मात्र नेमके उलटे होते: फक्त शरीर उरते आणि बाकीचे सगळे गळते. पहाटे म्हशीचे दूध काढणे, दुसऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवणीने देणे, काजूच्या भावावरून दोन दिवस अबोला धरणे, एकाच्या आईला शेवटच्या आजारपणात उचलून न्हाणीघरात नेणे, यांतले काहीही त्या चित्रात मावत नाही. ज्याला बांधिलकीचे नाते म्हणावे, ते या दोन्ही चित्रांत नसते. लोक विरोधी आहेत की सहिष्णू आहेत, एवढेच मोजणाऱ्या सर्वेक्षणाला ही पोकळी दिसत नाही, कारण सहिष्णू माणसाच्या चित्रातही ते नाते नसू शकते.

प्रतिरूपाची रचना तपासण्याची एक पद्धत जाँ-क्लोद आब्रिक आणि त्यांच्या दक्षिण फ्रान्समधील सहकाऱ्यांनी विकसित केली. प्रत्येक प्रतिरूपाला एक गाभा असतो आणि भोवती परीघ असतो, परिघातील गोष्टी प्रसंगानुसार बदलतात, पण गाभा बदलला तर ते प्रतिरूपच दुसरे होते, असे त्यांनी मांडले. गाभा शोधण्यासाठी लोकांना एक शब्द देऊन त्यावरून सुचणारे शब्द सांगायला सांगतात. पिएर वेर्जेस यांनी १९९२ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक उत्तर किती जणांनी दिले आणि किती लवकर दिले, या दोन्ही गोष्टी मोजल्या जातात. पुष्कळांना आणि पटकन सुचलेले शब्द गाभ्यातले असण्याची शक्यता अधिक, पण ती केवळ शक्यता असते. खात्री करण्यासाठी उलट प्रश्न विचारावा लागतो: ही गोष्ट काढून टाकली, तरी तुम्ही त्याला तेच म्हणाल का?

मराठीत अशी चाचणी घ्यायची झाली तर सुरुवातीचा शब्द कोणता द्यायचा, इथेच अर्धा अभ्यास आहे. ‘समलिंगी संबंध’ हा शब्द न्यायालयातून आणि वर्तमानपत्रांतून आलेला आहे, तो दिला की उत्तरेही तिथलीच येणार. ‘गे’ म्हटले तर चिपळूणच्या महाविद्यालयातील मुलगा एक बोलेल आणि त्याची आजी गप्प बसेल. ‘जोडीदार’ चांगला शब्द आहे, पण शेतीतील भागीदारालाही तो चालतो. मी स्वतः ‘संसार’ हा शब्द निवडेन आणि आधी पुरुष-पुरुष असे काहीच न म्हणता केवळ त्याच शब्दाचा गाभा शोधेन.

कारण या शब्दाची उलट चाचणी कोकणाने शंभर वर्षे घेतलेली आहे. एकत्र राहणे काढून टाकले तर उरते त्याला संसार म्हणाल का? आपल्याकडे नवरा मुंबईत, बायको गावात आणि मधे मनीऑर्डर, असे संसार पिढ्यान्‌पिढ्या चालले. गणपतीला आणि शिमग्याला मिळून वर्षातले वीस-पंचवीस दिवस ज्यांना एकत्र मिळाले, त्यांच्या नात्याला संसार नव्हे असे कोणी म्हटले नाही. उलट, खोलीतले वीस जण एका छपराखाली राहिले आणि एका खानावळीत जेवले, पण त्याला कोणी संसार म्हटले नाही. म्हणजे एक छप्पर हा निदान आपल्याकडे संसाराचा गाभा दिसत नाही. मूल नसेल तर? मूलबाळ नसलेल्या जोडप्याविषयी हळहळ व्यक्त होते, पण त्यांचा संसार नाकारला जात नाही. लग्नविधी नसेल तर? इथे बहुतेक जण अडखळतील, असा माझा अंदाज आहे, आणि अभ्यासाला खरी सुरुवात तिथूनच होईल.

अडखळणे हेही एक उत्तर असते. काही विषयांवर माणसे मनातले बोलत नाहीत, कारण ते बोलणे आपल्या प्रतिमेला शोभणार नाही असे त्यांना वाटते. क्रिस्तियाँ गिमेली आणि जाँ-क्लोद देशाँ यांनी २००० साली रोमा, म्हणजे युरोपातील भटक्या जमातींविषयी शब्द सुचवायला सांगितले. स्वतःच्या वतीने उत्तर देताना लोक जपून बोलले. ‘सर्वसाधारण फ्रेंच लोक काय म्हणतील ते सांगा’ असे म्हटल्यावर कडवट शब्द बाहेर पडले. न बोललेल्या या भागाला प्रतिरूपाचा मूक प्रदेश म्हणतात. अर्थात, दुसऱ्याच्या नावाने सांगितलेले मत हे स्वतःचेच झाकलेले मत असते, की दुसऱ्यांविषयीचा आपला समज असतो, यावर संशोधकांत वाद आहे आणि तो रास्त आहे. आपल्याकडे तर ‘लोक काय म्हणतील’ हे स्वतंत्र शक्तिपीठच असल्यामुळे, ‘वाडीतले लोक काय म्हणतील’ या प्रश्नाला आलेले उत्तर दोन्ही प्रकारे वाचावे लागेल.

मूक प्रदेशात शिरण्याचा दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, तो म्हणजे बोलणे सोडून वागणे पाहणे. देनीज जोद्ले यांनी मध्य फ्रान्समधील एने-ल-शातो या गावाचा अभ्यास केला. तिथे मनोरुग्ण पुरुषांना गावकऱ्यांच्या घरी भाडेकरू म्हणून ठेवण्याची जुनी व्यवस्था होती. हा आजार संसर्गजन्य नाही, हे गावकऱ्यांना ठाऊक होते आणि ते तसे सांगतही. तरीही अनेक घरांत त्या भाडेकरूंची भांडी आणि कपडे वेगळे धुतले जात. जे तोंडाने कबूल केले जात नव्हते, ते धुण्याच्या बादलीत दिसत होते. (मनोरुग्ण आणि समलैंगिक यांची तुलना इथे मुळीच नाही, घेण्यासारखी आहे ती पद्धत.)

आपल्या वाडीतील बादली कोणती? ओटीचे तबक ही एक. वहिनीने ते उचलले यात आपुलकी आहे, आणि या घरात घरचे असे कोणी नाही ही नोंदही आहे. दुसरी गोष्ट मला त्या घरातील खुंटीवर अडकवलेल्या लग्नपत्रिकांत दिसली. एकाच लग्नाच्या, एकाच घरात आलेल्या दोन पत्रिका, प्रत्येकीवर एकेकाचे नाव, आणि दोन्हींत ‘सहकुटुंब सहपरिवार’ येण्याचे अगत्याचे आमंत्रण. पाकिटावर ‘श्री. व सौ.’ लिहिता येत नाही, दोन नावे एका ओळीत लिहावीत तर ती जोडी होते, म्हणून यजमानाने एका घराची दोन घरे केली. त्याने दोघांनाही मानाने बोलावले, पंगतीत शेजारी बसवले आणि आग्रहाने वाढले. पाकिटावर मात्र त्याचा हात थांबला. हजार माणसांच्या सर्वेक्षणात हा यजमान ‘अनुकूल’ या रकान्यात गेला असता.

एकाच माणसाच्या मनात अशी दोन-तीन प्रतिरूपे सुखाने नांदतात, ही या सिद्धान्तातील आणखी एक महत्त्वाची गोष्ट. वोल्फगांग वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली पाटण्यातील लोक वेडेपणाविषयी कसा विचार करतात, यावर निबंध प्रसिद्ध केला. मानसोपचार आणि पारंपरिक उपाय या दोन्हींचा विचार लोक प्रसंगानुसार करत होते आणि त्यांत विसंगती आहे असे त्यांना जाचत नव्हते. मुलगा लग्नाला नकार देतो म्हणून देवाला कौल लावणारी आई दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला फोन करू शकते, आणि त्यात ती कोणाचीही फसवणूक करत नसते.

नात्यातील पुरुषही या प्रतिरूपांच्या बाहेर उभे नसतात, त्याच वाडीत वाढलेले असतात. रूसी जसपाल आणि मार्को सिनिरेला यांनी २०१० साली ब्रिटनमधील पाकिस्तानी वंशाच्या, मुस्लीम आणि गे अशा दोन्ही ओळखी सांगणाऱ्या पुरुषांच्या मुलाखतींवर निबंध लिहिला. आपल्या समूहाची प्रतिरूपे ज्यांच्या एका ओळखीच्या विरोधात जातात, ती माणसे दोन्ही ओळखींचा मेळ कसा घालतात, किंवा घालू शकत नाहीत, हे त्यात दिसते. आपल्या वाडीतील त्या दोघांशी माझी पुढे ओळख वाढली. एका संध्याकाळी वीज गेलेली असताना ओसरीवर बसून ते आपल्या नात्याविषयी मोकळेपणाने बोलले. “भावाभावांसारखे हे आम्हीच पहिल्यांदा म्हटले होते,” घाटावरचा म्हणाला. “लोकांना काहीतरी सांगायला हवे होते ना. आता तेच आम्हाला येऊन सांगतात.” सोयीसाठी आपणच टाकलेला नांगर नंतर उचलता येत नाही, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात इतकी नेमकी लिहिलेली मला आढळलेली नाही.

कोकणात असा अभ्यास करणाऱ्याने मोठ्या शहरातील नियमांवर विसंबू नये. नाव बदलून भागत नाही. ‘दोन पुरुष, काजूची बाग, दोन म्हशी’ एवढ्यावरून एखाद्या तालुक्यात घर ओळखता येते, म्हणून या लेखातील काही खुणा मी त्या दोघांना विचारूनच बदलल्या आहेत. शिवाय संशोधकाला वाडीत पाऊल टाकताच “तुम्ही कोणाकडे उतरलात?” असे विचारले जाते, आणि त्याच्या उत्तरावर पुढची सगळी उत्तरे अवलंबून असतात.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यानंतर २०२४ साली केंद्र सरकारकडून दोन लहान पण कामाच्या गोष्टी झाल्या. संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि खात्यावर जोडीदाराचे नाव नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून नोंदवण्यास अडसर नाही, असे वित्त मंत्रालयाने स्पष्ट केले, आणि शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबाचा भाग मानावे, असे अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवले. शिधापत्रिका म्हणजे आपल्याकडे चुलीचा पुरावा. त्या घरात चूल एकच आहे, पण पत्रिका दोन आहेत: एक गावातील, दुसरी घाटावर भावाच्या कुटुंबात अडकलेली. मी त्यांना केंद्राच्या पत्राविषयी सांगितले. घरमालकाने चष्मा कपाळावर सरकवला, थोडा विचार केला आणि म्हणाला, “अर्जात ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ असा रकाना असतो. त्यात काय लिहायचे ते आधी सांगा.”